गवत्या सापाविषयी खरे तेच सांगावे

पावसाळा लागून बांधावरचे गवत गुडघाभर वाढले, म्हणजे सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या आणि दख्खनच्या पठारावरील गावांतून एक हिरवा साप वारंवार दृष्टीस पडू लागतो. भांगलणीच्या बायका, वैरण कापणारे मजूर आणि गुराखी यांच्या वाटेत तो येतो, आणि बहुतेक वेळी विळ्याने किंवा काठीने त्याचा तेथेच शेवट केला जातो. हा साप म्हणजे गवत्या होय. त्याला मारणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना तो कोणता साप आहे हे ठाऊक असते. रंग हिरवा असला म्हणजे तो विषारी, आणि त्याने मान उभारली म्हणजे तो नाग, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे.

या समजुतीस उत्तर म्हणून विस्तार कार्यकर्ते गेली अनेक वर्षे एक वाक्य सांगत आले आहेत : साप हा शेतकऱ्याचा मित्र आहे, कारण तो उंदीर खातो. धामणीच्या बाबतीत हे वाक्य खरे आहे. गवत्याच्या बाबतीत ते खरे नाही. गवत्या उंदरांवर जगत नाही. त्याचे मुख्य अन्न बेडूक हे होय. आणि बेडूक तर पिकावरील किडे खाणारा प्राणी म्हणून त्याच कार्यकर्त्यांच्या भाषणातून शेतकऱ्याचा मित्र ठरलेला असतो. तेव्हा ज्या शेतकऱ्याने गवत्याला आपल्या डोळ्यांदेखत बेडूक गिळताना पाहिले आहे, त्याच्यापुढे हे वाक्य टिकत नाही. एक गोष्ट खोटी ठरली की त्याच तोंडून सांगितलेल्या बियाण्याच्या, खताच्या व औषधाच्या गोष्टींवरचा विश्वासही डळमळतो. म्हणून गवत्याला अभय मिळावे असे ज्यांना वाटते, त्यांनी ते खऱ्या कारणांवरच मागितले पाहिजे. अशी कारणे पुरेशी आहेत. परंतु त्यांसाठी प्रथम या सापाची नीट ओळख करून घेणे अवश्य आहे.

गवत्याची ओळख

गवत्या हा पानदिवड व नानेटी यांच्या नात्यातील साप आहे. त्याची लांबी सामान्यतः दीड ते दोन फूट असते; तीन फुटांच्या आसपासचा गवत्या क्वचितच आढळतो. अंग काहीसे जाड, पाठ गवतासारखी हिरवी व पोट पांढरट किंवा पिवळसर असते. पाठीवरील प्रत्येक खवल्यावर मधोमध एक बारीक कणा असल्यामुळे त्याचे अंग धामणीसारखे गुळगुळीत न दिसता खरबरीत दिसते. डोळे मोठे असून बाहुली वाटोळी असते. पिलांचे रूप निराळेच असते. त्यांच्या मानेवर बाणाच्या टोकासारखी ठळक काळी खूण, तिच्या मागेपुढे पिवळा किंवा नारिंगी रंग, आणि पाठीवर आडवे काळे पट्टे असतात. पीलू मोठे होत जाईल तसतशा या खुणा फिकट होत जातात. काही मोठ्या सापांत त्यांचा थोडा अंश शिल्लक राहतो. पिलाचे हे रंगीत रूप पाहून ते एखाद्या वेगळ्याच विषारी सापाचे असावे असा समज होणे स्वाभाविक आहे.

शास्त्रीय ग्रंथांत या सापाचे प्रथम वर्णन थिओडोर कँटर या डॅनिश निसर्गशास्त्रज्ञाने १८३९ साली केले. त्याने दिलेल्या ‘प्लंबिकलर’ या नावाचा अर्थ शिशाच्या रंगाचा असा आहे. जिवंतपणी हिरवागार असणाऱ्या सापाला हे नाव विसंगत वाटते खरे. पण शास्त्रीय नाव एकदा पडले की ते सहसा बदलत नाही, आणि मराठी शेतकऱ्याने ठेवलेले गवत्या हे नाव त्याहून कितीतरी अर्थपूर्ण आहे. भारतीय द्वीपकल्पाचा बराचसा भाग व श्रीलंका येथे हा साप आढळतो.

गवत्या जमिनीवर राहणारा साप आहे. गवत, झुडपांचा तळ, दगडी बांधाच्या फटी व पालापाचोळा ही त्याची वस्तीस्थाने होत. त्याची मादी अंडी घालते. एका वेळी साधारणपणे ८ ते १५ अंडी असतात. त्याची चाल संथ व स्वभाव सौम्य आहे. त्याला डिवचले असता मात्र तो अंगाचा पुढचा भाग उचलतो व मान चपटी करतो. नेमके हेच कृत्य त्याच्या जिवावर बेतते. वास्तविक नागाची फडी रुंद असते, कारण नागाच्या मानेतील बरगड्या लांब असून त्या बाजूस पसरतात. गवत्याची मान केवळ थोडी चपटी होते. शत्रूने बिचकून मागे सरावे एवढाच त्या सोंगाचा हेतू असतो. मुंगूस किंवा पक्षी बिचकत असेलही. पण काठी घेतलेला माणूस मागे सरत नाही, उलट पुढे येतो.

बेडूक खाण्याचे सामर्थ्य

बेडकांतही गवत्याची विशेष आवड अंगावर फोड असलेल्या, कोरड्या जागीही राहू शकणाऱ्या मोठ्या बेडकाची आहे. यालाच भेक असे म्हणतात. दिव्याखाली पडणारे किडे वेचण्यासाठी रात्री अंगणात येऊन बसणारा बेडूक तो हाच. याच्या डोळ्यांमागे फुगीर ग्रंथी असतात व त्यांतून विषारी चीक पाझरतो. कुत्र्याने त्याला तोंडात धरले तर कुत्र्याच्या तोंडास फेस येतो. शिवाय धरला गेला की हा बेडूक अंगात हवा भरून फुगतो, त्यामुळे त्याला गिळणे कठीण होते. पुष्कळ प्राणी या कारणाने त्याच्या वाटेस जात नाहीत. गवत्या मात्र त्याला सहज पचवितो. त्याच्या वरच्या जबड्यातील मागचे दात इतर दातांपेक्षा मोठे असतात. जुन्या ग्रंथांत त्याच्या गणास दिलेले ‘मॅक्रोपिस्थोडॉन’ हे नाव याच मोठ्या मागच्या दातांवरून पडले होते.

अलीकडे शास्त्रज्ञांनी गवत्याचा समावेश ‘ऱ्हॅब्डोफिस’ या गणात केला आहे. या गणातील अनेक सापांच्या मानेच्या त्वचेखाली विशेष ग्रंथी असतात. जपानमध्ये आढळणाऱ्या यामाकागाशी नावाच्या सापावर झालेले व २००७ साली प्रसिद्ध झालेले संशोधन या बाबतीत उद्बोधक आहे. तो साप भेक खातो आणि भेकाच्या अंगातील विष आपल्या मानेतील ग्रंथींत साठवून स्वतःच्या संरक्षणास वापरतो. ज्या बेटावर भेक नाहीत, तेथील सापांच्या ग्रंथींत हे विष आढळले नाही. एकाचे संरक्षण दुसऱ्याच्या उपयोगी कसे पडते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आता प्रश्न असा की, बेडूक हा किडे खाणारा उपयुक्त प्राणी असेल, तर बेडूक खाणारा गवत्या शेतीचा शत्रू ठरतो काय? तसे मानणे चुकीचे आहे. भेकाची एक मादी एका वेळी हजारो अंडी घालते. त्यांतून होणाऱ्या डिंभांपैकी बहुतेक पाण्यातच नाहीसे होतात. मोठे होणाऱ्यांपैकी काहींना साप, बगळे व इतर प्राणी खातात. हा व्यवहार माणसाने नांगर हाती घेण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आला आहे, आणि त्यामुळे बेडूक संपले नाहीत. बेडूक कमी झाले ते निराळ्या कारणांनी. डबकी व ओहोळ बुजविले गेले, कीटकनाशकांचे पाणी चरांतून वाहू लागले, बांध पेटविण्यात आले. एके काळी तर परदेशी पाठविण्यासाठी मोठे बेडूक गोणी भरभरून पकडले जात. ती निर्यात शासनास १९८७ साली बंद करावी लागली. या हिशोबात गवत्याच्या नावावर लिहिण्यासारखे फारसे काही नाही. उलट ज्या बांधावर गवत्या आहे, त्या बांधावर बेडूक आहेत, ओल आहे व गवत टिकून आहे, एवढे निश्चित समजावे.

तीन हिरवे साप

गवत्याला मारण्याचे दुसरे कारण म्हणजे इतर हिरव्या सापांशी होणारी गल्लत. महाराष्ट्रात शेतकऱ्यास भेटणारे हिरवे साप मुख्यतः तीन आहेत, आणि त्यांचे भेद दुरूनही ध्यानात येण्यासारखे आहेत.

पहिला गवत्या, त्याचे वर्णन वर आलेच आहे. दुसरा हरणटोळ. हा वेलीसारखा लांब व सडपातळ असून त्याचे तोंड निमुळते व टोकदार असते. डोळ्याची बाहुली आडवी असते. तो झुडपांत व वेलींत राहतो आणि सरडे, बेडूक इत्यादी खातो. तो माणसाच्या टाळूवर झेप घेतो ही समजूत निराधार आहे. त्याचे विष सौम्य असून ते त्याच्या लहानशा भक्ष्यापुरते असते. तिसरा चापडा. हा मात्र खरा विषारी साप आहे. त्याचे डोके त्रिकोणी व रुंद, मान बारीक, बाहुली उभी व अंग जाड असते. डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये एक खळगी असते; तिच्या योगाने त्याला भक्ष्याच्या अंगची उष्णता कळते. घाटमाथ्यावरील जंगलात, बांबूच्या बेटांत व ओढ्याकाठच्या झुडपांत तो फांदीवर निश्चल पडून राहतो. त्याच्या दंशाने तीव्र वेदना होतात व सूज येते. भारतात तयार होणारे सर्पदंशावरील औषध नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावर बनविलेले असते. चापडा त्या चारांत मोडत नाही. म्हणून त्याच्यापासून दूर राहणे हाच उत्तम उपाय होय.

यावर कोणी असे म्हणेल की, भेद करण्यात चूक झाली तर जिवावर बेतेल. त्यापेक्षा हिरवा दिसेल तो साप मारणे अधिक सुरक्षित. हा आक्षेप गंभीर आहे व तो हसण्यावारी नेऊ नये. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष माणसे मृत्युमुखी पडली, म्हणजे दर वर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिला आहे. यांतील बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातील असून सुमारे निम्मे जून ते सप्टेंबर या पावसाच्या महिन्यांतील आहेत. ज्या घरातील कर्ता माणूस असा गेला, त्या घराला सापाच्या गुणांचे व्याख्यान देणे हे क्रूरपणाचे होईल.

परंतु हाच आक्षेप नीट पाहिला तर तो मारण्याच्या बाजूचा नसून न मारण्याच्या बाजूचा ठरतो. साप मारण्यासाठी माणसाला त्याच्या जवळ जावे लागते. दोन हात अंतरावर असलेला साप निसटून जात असताना त्याची वाट अडवावी लागते, दगड उचकटावे लागतात, गवतात हात घालावा लागतो. ओळखण्यात चूक होऊन तो खरोखर चापडा किंवा नाग निघाला, तर हा सर्व प्रकार त्या विषारी सापाशी झालेला असतो. याउलट चार पावले मागे सरून वाट मोकळी करून देणाऱ्या माणसाची ओळखण्यात चूक झाली, तरी त्याचे काहीच बिघडत नाही. म्हणून ओळख करून घ्यावयाची ती साप धरण्यासाठी नव्हे, मारण्यासाठीही नव्हे, तर विनाकारण भीती वाटू नये यासाठी. अंतर मात्र प्रत्येक सापापासून सारखेच ठेवावे.

बिनविषारी या शब्दाचा मोह

याच कारणासाठी दुसऱ्या टोकाच्या चुकीपासूनही सावध राहिले पाहिजे. पुष्कळ पुस्तकांत गवत्याची नोंद बिनविषारी अशी आहे, आणि ती वाचून काही उत्साही तरुण त्याला हातावर घेऊन छायाचित्रे काढवितात. हे योग्य नव्हे. गवत्या ज्या गणात आता गणला जातो, त्याच गणातील यामाकागाशी व आग्नेय आशियातील तांबड्या मानेचा साप हेही दीर्घकाळ निरुपद्रवी समजले जात होते. पुढे त्यांच्या दंशाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते असे आढळून आले, आणि यामाकागाशीच्या दंशाने माणसे दगावल्याचीही उदाहरणे घडली. गवत्या सहसा चावत नाही हे खरे. तरी तो ज्या आप्तांत मोडतो त्यांचा इतिहास पाहता, त्याला हाताळू नये आणि कोणत्याही कारणाने त्याचा दंश झालाच तर दवाखान्यात जाण्यास कंटाळा करू नये, हेच शहाणपणाचे आहे. शाळेतील प्रात्यक्षिकासाठी किंवा मेळाव्यातील गमतीसाठी गवत्या पकडून आणणे तर सर्वस्वी गैर होय. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये सापांना संरक्षण आहे, याचेही स्मरण ठेवावे.

गोठ्यातील मृत्यूचा आरोप

पावसाळ्यात चांगले चरत असलेले जनावर अकस्मात दगावले की त्याला पान लागले असे म्हटले जाते, आणि मग त्या दिवशी कुरणात दिसलेल्या पहिल्या सापावर सूड उगविला जातो. जनावरांना सर्पदंश होतच नाही असे नाही. परंतु याच दिवसांत घटसर्प व फऱ्या हे दोन रोगही असेच झटपट बळी घेतात. घटसर्प या नावात सर्प असला तरी सापाशी त्याचा काडीचा संबंध नाही. तो जिवाणूंमुळे होणारा रोग आहे, आणि पावसाळ्यापूर्वी लस टोचून घेतल्यास तो टळतो. सापाच्या माथी खापर फोडून शेतकरी मोकळा झाला, तर रोगाची शंकाच येत नाही, मग पशुवैद्यकास बोलावणे होत नाही आणि दावणीचे दुसरे जनावरही धोक्यात राहते. खोट्या निदानाचा खरा तोटा हा असा असतो. म्हणून जनावर अकस्मात मेले तर प्रथम जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. साप शोधण्यात वेळ दवडू नये.

काय करावे

गवत कापण्यापूर्वी लांब काठीने गवत हलवावे व थोडा वेळ थांबावे. गवत्यासह बहुतेक साप जमिनीची थरथर जाणवून आपण होऊन निघून जातात. मात्र घोणस व फुरसे हे साप जागचे न हलता पडून राहू शकतात. म्हणून काठी मारली तरी पायात गुडघ्याखालपर्यंतचे बूट असावेत, आणि पाहिल्याशिवाय हात घालू नये. पेंढ्या व सरपण उचलताना आपल्या बाजूची कड प्रथम उचलू नये. पलीकडची कड उचलावी, म्हणजे खालून निघालेल्या सापाला समोरची वाट मोकळी राहते. रात्री पाणी पाजावयास जाताना विजेरीशिवाय जाऊ नये. घराभोवती मात्र गवत, विटांचे ढीग व उष्टे-खरकटे ठेवू नये. बांध हे सापाचे घर असू द्यावे. अंगण असू नये. बांध सरसकट पेटविणे सोडून द्यावे. त्यामुळे साप, बेडूक व मातीतील उपयुक्त जीव तर जळतातच, पण माती धरून ठेवणारे गवतही नष्ट होते.

एवढे करूनही दंश झालाच, तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये व मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. अंगठी, कडे, जोडवी काढावीत, रोग्यास धीर द्यावा, दंश झालेला हात किंवा पाय हलू न देता त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते. साप मारून बरोबर नेण्याची मुळीच गरज नाही. वैद्य लक्षणांवरून उपचार ठरवितात. सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय कृती योजना केंद्र शासनाने २०२४ साली जाहीर केली आहे. तिचे यश गावातील पहिल्या अर्ध्या तासावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच्या सभांतून या गोष्टी जरूर सांगाव्यात. मात्र सांगताना गवत्याच्या अंगी नसलेले गुण त्याला चिकटवू नयेत. तो उंदीर मारून धान्य वाचवीत नाही. तो बेडूक खातो, पण बेडकांचा वंश बुडवीत नाही. तो माणसाच्या अंगावर येत नाही, पण हाती धरण्याजोगाही नाही. शेतकऱ्याच्या बांधावर त्याने राहू नये असे कारण मात्र कोठेही सापडत नाही. उपयोग असेल त्यालाच जगू द्यावे, असा नियम आपल्या शेतकऱ्याने कधी केला नव्हता. नागपंचमीस नांगर न धरणाऱ्या समाजास तो नव्याने शिकविण्याचेही कारण नाही. ज्याचा उपद्रव नाही त्याला वाट द्यावी आणि आपण आपली काळजी घ्यावी, एवढे सांगितले तरी पुरे आहे. ते खरे असल्यामुळे पुढच्या पावसाळ्यातही पुन्हा सांगता येईल.